लाइनीत उभे राहा, साहेब निघाले!

जेवणाच्या हॉलमध्ये नोकरी करणाऱ्याकडे किस्से खरकट्यासारखे साठतात. आज सगळं घासूनपुसून लख्ख केलं तरी उद्या दुपारी तेवढंच पुन्हा तयार! भिलाईला आलो तेव्हा वाटलं होतं, पोलादाच्या गोष्टी गोळा होतील. भट्ट्या, चिमण्या, देश उभा राहतोय वगैरे. अडीच वर्षांत गोळा काय झालं, तर टिपेचे किस्से! मित्र म्हणतात, फार विनोदी आहेत. मला सांगताना अजून हसू येत नाही. तुम्ही हसा.

आधी जागा सांगतो. टाऊनशिपच्या कडेला पाहुण्यांसाठी बांधलेलं गेस्ट हाऊस. दिल्ली-कलकत्त्याचे साहेब, ठेकेदार, रशियन एक्स्पर्ट, सगळे तिथं जेवतात. मी नागपूरचा बी.ए.; हुद्दा असिस्टंट सुपरवायझर. म्हणजे सूप थंड निघालं की ज्याच्या नावानं ओरडायचं तो. माझ्यावर मॅनेजर माथुर. माथुरसाहेब पूर्वी कुठल्याशा इंग्रजी थाटाच्या हॉटेलात होते. तिथून त्यांनी एक पद्धत सोबत आणली होती, आणि ती त्यांना जिवापेक्षा प्यारी होती. लाइन!

पाहुणा निघाला की माथुर टाळी वाजवत. हॉलच्या दारापासून जीपपर्यंत सगळे वेटर एका ओळीत. डावा हात पाठीमागे, उजवा पुढे, तळवा जरासा वर. पाहुणा ओळीतून चालत जाणार आणि मनाला येईल त्याच्या हातावर मनाला येईल ते ठेवणार.

वेटर सगळे टेम्पररी. पगार इतका कमी का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. माथुर म्हणाले, "टिप मिलती है ना!"

म्हणजे बघा! कारखाना देशाचा, काम देशाचं, आणि वेटरचं अर्धं पोट पाहुण्याच्या मूडवर!

* * *

या लाइनीत एक माणूस कधीच उभा राहत नसे. मेश्राम. भंडाऱ्याकडचा, पस्तिशीचा, अंगानं काटकुळा, आणि हातात सहा प्लेटा घेऊन चालला तरी आवाज नाही. हॉलमधला सर्वात चांगला वेटर. लाइन लागली की तो आत जाऊन टेबलं पुसायचा.

त्याचं नाव कायम करायच्या यादीत येणं गरजेचं होतं. कायम झाला तर सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळणार, आणि क्वार्टर मिळालं तरच बायको आणि दोन मुली गावाहून येणार. तोवर त्या तिकडे, हा इकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. आणि यादीवर शिफारस माथुरांची! दोन वेळा यादी गेली. दोन्ही वेळा माथुरांनी मेश्रामपुढे शेरा मारला, "शिस्त नाही."

मी एकदा विचारलं, "मेश्रामभाऊ, लाइनीत उभे का राहत नाही?"

टेबल पुसता पुसता तो म्हणाला, "साहेब, माहा बाप गावात दारोदार भाकर मांगाले जाये. हात असाच धरे, लोक वरतून टाकत. आमी नागपूरले दीक्षा घेतली ना, तवा थो हात तिथंच ठेवून आलो."

मग म्हणाला, "सरका जरा. तुमच्या बाहीले तेल लागून राहिलं."

* * *

रायपूरकडचा एक ठेकेदार यायचा. चार अंगठ्या, पाच ढेकरा. जेवण झालं की कोमट पाण्याची, लिंबाची फोड टाकलेली वाटी समोर येते, बोटं धुवायला. यानं बोटं धुतली. रस्सा, तूप, सगळं त्या पाण्यात. मग खिशातून रुपया काढला, वाटीत टाकला आणि वाढायला उभ्या असलेल्या मेश्रामला म्हणाला, "निकाल ले!"

मित्रमंडळी खो खो हसली. शेजारच्या टेबलावर लांजेवार होता. हा आमचा दुसरा वेटर, गोंदियाकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, टिपेवर जीव टाकणारा. तोसुद्धा हसायचा थांबला.

मेश्रामनं वाटी उचलली. आत गेला. रुपया काढून साबणानं धुतला, फडक्यानं पुसला, बडीशेपेच्या बशीत ठेवला आणि बशी त्याच्यापुढे आणून अदबीनं म्हणाला, "साहब, आपका पैसा जूठे में गिर गया था. साफ कर दिया."

ठेकेदारानं बडीशेपसुद्धा खाल्ली नाही!

* * *

आमच्या पार्टीचे एक पुढारी आले. कामगारांपुढे तासभर भाषण. समता, श्रमाची प्रतिष्ठा, सगळं सगळं. मी तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत!

दुपारी जेवायला आमच्याकडे. तीन वेळा चिकन मागवलं. निघताना लाइन लागली. पुढारी थांबले, लाइनीकडे पाहून त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "ये बख्शीश की प्रथा सामंती है. मैं इसके सख्त खिलाफ हूँ." आणि तळव्यांवर काहीही न ठेवता जीपकडे गेले.

मला भरून आलं. लांजेवारकडे विजयी नजरेनं पाहिलं. तर तो म्हणतो, "बी.ए. साहेब, तुमच्या पार्टीचा माणूस चांगला आहे. फक्त टेबलावरचे संत्रे इचारा कुठी गेले."

टोपली रिकामी! आठच्या आठ संत्री पुढाऱ्यांच्या पिशवीत!

* * *

रशियनांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे टिप म्हणजे अपमान. भट्टीवर एक दांडगा इंजिनियर होता. त्याचं नाव कुणालाच नीट म्हणता येत नसे, म्हणून लांजेवारनं त्याचं 'पेत्याभौ' करून टाकलं. पेत्याभौ एके दुपारी थेट भट्टीवरून जेवायला आला. हात काळे, शर्ट काळा. त्याच वेळी दिल्लीचे कुणी साहेब निघत होते आणि लाइन लागलेली.

पेत्याभौनं खुणेनं मला विचारलं, हे काय? मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, निरोप देतात. त्याला ते फार आवडलं. निरोप द्यायचा तर आपणही द्यावा! गेला आणि लाइनीत शेवटी उभा राहिला. इतरांचं बघून उजवा हात पुढे, तळवा वर!

दिल्लीचे साहेब माथुरांशी बोलत बोलत ओळीतून आले. एक नाणं, दुसरं नाणं, तिसरं नाणं... आणि पेत्याभौच्या काळ्या तळव्यावर आठ आणे!

साहेब जीपमध्ये बसले, जीप गेली. त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. कळणार कसं? हातावर पैसा ठेवणारा माणूस वर तोंडाकडे बघतच नाही!

पेत्याभौनं नाणं उलटंपालटं करून पाहिलं. माथुरांचा चेहरा पांढराफटक. लांजेवार पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "पेत्याभौ, नाई पायजे तर इकडे द्या."

* * *

आता माझा पराक्रम ऐका. पेत्याभौच्या प्रकारानंतर मला राहवेना. मी एक बोर्ड रंगवला. हिंदी आणि इंग्रजी. "कृपया टिप देऊ नये. आमच्या कर्मचाऱ्यांचा स्वाभिमान जपा." माथुर रजेवर होते. हॉलच्या दारावर ठोकला!

पाहुणे काय खूश झाले! असा बोर्ड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. वाचायचे, मान डोलवायचे, पाकीट परत खिशात. एकानं तर माझी पाठ थोपटली. दहा दिवस कुणालाही एक पैसा मिळाला नाही. पगार? पगार जिथं होता तिथंच!

अकराव्या दिवशी लांजेवार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हा हसतमुख माणूस मी तसा कधी पाहिला नव्हता. "बी.ए. साहेब, स्वाभिमान लई झाला. माही पोरगी आठ महिन्यांची आहे. बोर्ड पाजू का तिले?"

मी मेश्रामकडे बघितलं. निदान हा तरी माझ्या बाजूनं बोलेल! मेश्राम म्हणाला, "बोर्ड लावाच्या आंधी आमाले इचारलं होतं का, साहेब?"

"पण मेश्रामभाऊ, तुम्ही स्वतः घेत नाही ना टिप?"

"मी घेत नाई थे माह्या मनानं. ह्याच्या ताटावर तुमी कावून पाय ठेवता?"

बोर्ड मीच काढला. खिळे उपटताना हाताला लागलं, ते बरंच झालं.

* * *

त्याच रविवारी मेश्राम आणि मी सुपेल्याच्या बाजारात गेलो होतो. त्याला मुलींसाठी फ्रॉकचं कापड घ्यायचं होतं. कापड घेतलं, नंतर एका हॉटेलात चहा प्यायलो. मी रस्ताभर तावातावानं बोलत होतो. पगार, संघटना, संप. वेटरांनी एकत्र यायला हवं, हात पसरणं बंद झालं पाहिजे, पाहुण्यांना लाज वाटली पाहिजे!

उठलो, गल्ल्यावर पैसे दिले आणि बाहेर पडलो. मेश्राम मागे राहिला होता. टेबलावर मी सवयीनं टाकलेलं दहा पैशांचं नाणं हातात घेऊन आला आणि माझ्यापुढे धरला.

"साहेब, तुमचं काही राहून गेलं."

 परतीच्या वाटेवर त्यानं फ्रॉकाच्या रंगावर बरीच चर्चा केली.

* * *

आता शेवटचा. हा मी दहादा सांगितला असेल.

कायम करायची तिसरी यादी तयार झाली. या वेळी सही करणारे मोठे साहेब स्वतः दिल्लीहून आले, तीन दिवस आमच्याकडेच राहिले. त्यांच्या टेबलावर मेश्राम. साहेबांना त्याचं काम पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी माथुरांना म्हणाले, "ये आदमी अच्छा है. अब तक टेम्पररी क्यों?" माथुर काय बोलणार? नाव यादीत घातलं.

पण रात्रीची जेवणं होण्याआधी त्यांनी मला बोलावलं. "समझा दो उसको. कल लाइन में खडा रहेगा. लिस्ट साहब के बैग में जाएगी, बैग दिल्ली. रास्ते में एक नाम काटने में कितनी देर लगती है?"

मी मेश्रामकडे गेलो. मी! ज्यानं बोर्ड रंगवला होता तो! आणि म्हणालो, "मेश्रामभाऊ, एक दिवस उभे राहा. मुलींसाठी."

 "तुमी सांगून राहिले?"

"हो. मी सांगतोय."

"बरं," तो म्हणाला. "राहतो ना उभा."

मला इतकी स्वतःची चीड कधी आली नव्हती. माथुरांची नाही, साहेबांची नाही. माझी!

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर साहेबांनी यादीवर सही केली. मेश्राम शेजारीच टोस्ट घेऊन उभा. साहेब त्याला म्हणाले, "तुम्हारा नाम भी है इसमें." मेश्राम म्हणाला, "जी, साहब," आणि लोणी पुढे केलं.

टाळी वाजली. लाइन लागली. मेश्राम शेवटून दुसरा, धुतलेला बुशकोट, डावा हात पाठीमागे, उजवा पुढे. लांजेवार त्याच्याकडे भूत बघावं तसा बघत होता. साहेब आज खुशीत. प्रत्येकाला रुपया! मेश्रामपाशी आले, त्याच्या तळव्यावर पाचाची नोट ठेवली आणि पुढे निघाले.

"साहब," मेश्राम म्हणाला.

साहेब वळले. मेश्रामनं पाचाची नोट घडी घालून बुशकोटाच्या वरच्या खिशात ठेवली. मग पाठीमागचा डावा हात पुढे आणला. त्यात चवन्नी होती. ती त्यानं साहेबांच्या उघड्या तळव्यावर ठेवली.

"आपने भी दस्तखत बहुत अच्छा किया, साहब. चाय पी लेना."

 माथुरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांनी ड्रायव्हरकडून बॅग मागितली, यादी बाहेर काढली, बॉनेटवर ठेवली, पेन उघडलं आणि काहीतरी खरडलं. इतक्या जोरात की कागद फाटतो की काय! यादी माथुरांच्या अंगावर टाकली आणि जीपमध्ये बसले. चवन्नी मुठीतच राहिली होती.

जीप कुम्हारीच्या रस्त्याला लागेपर्यंत लाइन हलली नाही.

मग मी माथुरांच्या हातातून यादी घेतली. मेश्रामच्या नावापुढे तांबड्या शाईत इंग्रजीत लिहिलं होतं: कायम करावा; पण या माणसाला पुन्हा कधीही डायनिंग हॉलमध्ये ठेवू नये, उद्यापासून कोळशाच्या भट्टीवर, कोक ओव्हनवर पाठवावा.

मी ते मेश्रामला मराठीत वाचून दाखवलं. दोनदा. त्यानं नीट ऐकलं, अ‍ॅप्रन सोडला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाला,

"पाहा साहेब! चवन्नी देली तर माणूस केवढं काम करते!"