हाकेला परतली ती राणी

मंडळी, आज सकाळी गुंदला, मामांच्या गावी, त्यांच्या शेतावर माझी तीन व्हिपेट, म्हणजे सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री मोकळी सोडली. तेजा शर्यतीच्या वंशाचा, काळू शिकारीच्या, आणि राणीचे आईबाप कुत्र्यांच्या प्रदर्शनातले.

"राणी नुसती दिसायला हाय," मामा हसले.

एवढ्यात ससा उठला आणि तिघंही सुटली. सशानं वळण घेतलं, तेजा मात्र सरळ कुंपणावर आदळला आणि तिथंच बसला. काळू सशामागं रानात शिरला. माझ्या हाकेला फक्त राणी परतली.

"आत जाऊ नगंस, बिबट्या हाय," मामांनी माझा हात धरला. आम्ही हाका मारत राहिलो. बऱ्याच वेळानं काळू लंगडत आला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

मामा म्हणाले, "राणीला पिल्लं झाली, की एक मला दे."

राणीचं हे परतणं वंशातलं, की बाकीचे दोघं पडवीत वाढले आणि ती घरात, माणसांत वाढली म्हणून? तुम्हाला काय वाटतं?