तंबाखू न खाणाऱ्या बायकांच्या गावी

समस्त वाचकवर्गास अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, कर्करोगाच्या संशोधनावर सरकारने यापुढे पैसा घालावा की घालू नये, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी प्रस्तुत लेखक पुण्याहून सोलापुरास जातीने गेला होता. निकाल देण्याचा अधिकार माझे बालमित्र रावसाहेब दातार यांचा आणि माझ्याकडे त्यांचा फिरकीचा तांब्या, ही गोष्ट खरी; पण तांब्यावाचून निकाल लागला असता असे म्हणणाऱ्याने सोलापूरचा उन्हाळा पाहिलेला नाही.

कुर्डुवाडी सोडल्यापासून खिडकीतून काळी, भेगाळलेली जमीन तेवढी दिसत होती. झाड दिसले की रावसाहेब मला हलवून दाखवीत. मग गिरण्यांची धुराडी आली आणि आम्ही उतरलो.

"इस्पितळ? कौन बीमार है, साब?" टांगेवाल्याने विचारले.

"कोणी नाही. तपासणी आहे."

"देख को जाओ साब, वहाँ अच्छे-भले जा को बीमार पड़ते!"

संशोधन चालविणारे डॉक्टर मोहोळकर म्हणजे एक किडकिडीत तरुण. भिंतीवर त्यांनी आपली योजना टांगली होती: आधी तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांची चौकशी, मग गिरणी कामगारांची तपासणी, शेवटी लोकांना सावध करणे. चुना लावलेली तंबाखू गालात धरल्याने हा रोग होतो, हे त्यांचे म्हणणे. पहिली पायरी झाली होती; पुढच्या दोन पायऱ्या आमच्या रावसाहेबांच्या होकारावर लटकत होत्या.

रावसाहेबांनी कागद चाळले आणि चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा कोणाचे तरी वाईट होते.

"पुरुषांचे पटले, डॉक्टर. पण या बायका? एकीनेही तंबाखू खाल्लेली नाही, आणि गालात रोग तोच! मग तुमच्या योजनेचा पाया कुठे राहिला?"

"मी प्रत्येकीला स्वतः विचारले आहे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. पैसे चालू ठेवा, अशी शिफारस मला करता येणार नाही."

जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी (शेंगदाण्याची लाल तिखट चटणी) होती. डॉक्टरांनी घास मोडला नाही. मी त्यांचा वाटा दुःखाने संपवला, आणि मला अशी उचकी लागली की रावसाहेबांचा तांब्या मीच रिकामा केला. उचकी थांबेपर्यंत डॉक्टरांनी एक विनंती करून घेतली: उद्या गाडीपूर्वी निदान एका बाईला प्रत्यक्ष भेटा.

सकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर आम्ही गंगूबाईच्या दारात उभे राहिलो. चाळिशीची बाई उंबऱ्यावर बसून दात घासत होती. उजवा गाल सुजलेला.

"गंगूबाई, हे मोठे साहेब पुण्याहून आलेत," डॉक्टर म्हणाले.

रावसाहेबांनी सरळ सवाल टाकला. "बाई, खरे सांगा, तंबाखू खाता का?"

बाईने बाजूला काळीभोर पिंक टाकली. "न्हाय बा! तंबाखू गडीमाणसं (पुरुष) खात्यात. आमी काय गडी हाय?"

रावसाहेबांनी विजयाने डॉक्टरांकडे पाहिले. मी मात्र त्या पिंकेकडे पाहत होतो. "बाई, मग हे तोंडात काय?"

"ही व्हय? मिशरी हाय की. दात घासतोय न्हवं."

"कशाची करता?"

"काय इचारत्यात बगा! तंबाखूचीच की. तव्यावर काळी हुस्तवर भाजायची, कुटायची. पुण्याला बाया मिशरी लावत न्हाईत काय?"

"आणि घासता किती वेळा?"

"सकाळच्याला, भाकरी खाल्ल्यावर, भूक लागल्यावर. दुखाय लागलं की तितंच दाबून धरायची, लई बरं वाटतं." एवढ्यात आतून तिची सून आली, बोलता बोलता सासूच्या डबीतून चिमूट घेतली आणि घासत घासत आत गेली.

 मिश्री म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही लहानपणापासून ठाऊक होते. पण तंबाखू खायची असते आणि मिश्री लावायची. दोन्ही एकच, हे त्या बायकांना वाटले नाही, तसे आम्हालाही नाही. विचारणारे खरे, उत्तर देणाऱ्या खऱ्या, आणि मधल्या मधे रोग मोकळा!

"डाक्टरसाब, आता बरं हुईल न्हवं?" गंगूबाईने विचारले. डॉक्टरांनी आधी तिच्या हातातली डबी मागून घेतली. तिने ती दिली. पण अशी, की कोणी तिचे मंगळसूत्रच मागितले असावे.

परतीच्या गाडीत रावसाहेबांनी शिफारस लिहिली: योजना चालू ठेवावी, बायकांना मिश्रीविषयी विचारावे, आणि सावध करण्याचे काम शेवटी नव्हे, आधी सुरू करावे. दूरच्या गावी जाऊन माणूस नवे काही पाहतो म्हणतात. मी तर घरी रोज दिसणारी वस्तू पाहायला सोलापूरपर्यंत गेलो. हे सुभाषित मी रावसाहेबांना ऐकवले. एरवी ते माझी सुभाषिते खोडून काढतात. आज त्यांनी चष्मा काढला. केम स्टेशन गेले तरी तो हातातच. मग एकाएकी त्यांनी माझे मनगट धरले आणि सगळा डबा वळून पाहील इतक्या मोठ्याने म्हणाले,

"अरे, आमच्या हिच्या मिश्रीची तंबाखू दर बाजाराला मी स्वतः हुंगून आणतो रे!"