महारुद्ररावांचं नाव

लग्न होऊन मी अणदुरात आले, त्या दिवशी उंबरठ्यावर माझी चांगलीच फजिती झाली. नळदुर्गहून निघताना पाठ केलेला उखाणा गाडीतच विसरला होता आणि दारात बायकांनी वाट अडवून धरली होती. "नाव घे, नाव घे" असा नुसता गलका. मी घाम पुसत उभी. तेवढ्यात कानाशी कुणीतरी पुटपुटलं, "नवऱ्याच्या शर्टाकडं बघ." मी बघितलं. श्रीनाथनं घाईत बटणं चुकवली होती. कानाशी आलेला आवाज सांगत गेला आणि मी त्याच्यामागून म्हणत गेले:

शर्टाची बटणं लावली, एक खाली एक वर,
श्रीनाथरावांचं नाव घेते, आता माझं हे घर.

बायका हसून लोळायच्याच काय त्या बाकी राहिल्या. श्रीनाथ बिचारा तिथंच बटणं सोडून पुन्हा लावायला लागला. मी मागं वळून बघितलं तर हिरव्या लुगड्यातली एक काटकुळी बाई, जसं काही आपण बोललोच नाही अशा चेहऱ्यानं, पदर सारखा करत उभी होती. त्या आमच्या शेजारच्या मथुराकाकू.

काकूंचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड आणि शेडात पिठाची गिरणी. गिरणी त्यांचे मालक महारुद्रकाका चालवायचे. थोडी जमीनही होती, ती वाट्यानं दिलेली. काका म्हणजे भुवयांवर कायम पीठ आणि तोंडाला कायम कुलूप. गिऱ्हाईक "किती वेळ लागंल?" म्हणालं तर ते डब्यांच्या रांगेकडं बोट करायचे. एवढंच उत्तर. अशा माणसावर कुणाला काय सुचणार? पण काकूंना सुचायचं, आणि त्यांच्यावरच सगळ्यात जास्त सुचायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू आल्या की बायका आपापली वाणं विसरून त्यांच्याकडं बघत बसायच्या. त्या आधी थोडे आढेवेढे घ्यायच्या. मग एकदम:

नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा,
महारुद्रराव हसतात वर्षातून दोनदा.

किंवा:

चहात साखर विसरली तरी पितात गुपचूप,
महारुद्ररावांच्या भाकरीवर माझ्या हातचं तूप.

सोनं, चांदी, मोगरा, चंद्र यातलं काहीही त्यांच्या उखाण्यात नसायचं. घरात नाही ते तोंडात कशाला, असं त्या म्हणायच्या. आपल्याला घरात भांडी दिसतात, धुणं दिसतं, कोपऱ्यात साचलेला कचरा दिसतो. काकूंना त्यात ओळी दिसायच्या. चाळण झटकता झटकता हात थांबायचा, ओठ हलायचे, आणि मी ओळखायची की आता गिरणीतल्या माणसाची काही खैर नाही.

गावातल्या लग्न ठरलेल्या पोरी त्यांच्याकडं यायच्या. मुरुमहून, उमरग्याहून नात्यातल्या पोरी फोन करायच्या. काकू लगेच काही सांगायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "त्यांच्या घरात सकाळी पहिला आवाज कशाचा येतो? त्यो रुसला की कुठं जाऊन बसतो?" पोरी म्हणायच्या, आम्हाला काय माहीत, अजून लग्न कुठं झालंय. "मग इचार की फोनवर. दिवसभर काय बोलता मग?" पोरी विचारायच्या, पोरं गोंधळून उत्तरं द्यायची, आणि त्यातनं काकू दोन ओळी काढायच्या. मला वाटतं, काही लग्नं त्या प्रश्नांनीच बरी लागली असतील.

एक गोष्ट मात्र होती. उखाण्याबाहेर काकूंनी काकांचं नाव कधी घेतलं नाही. आमच्याकडं जुन्या बायका घेत नाहीत. नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. म्हणून मग "आमचे हे", लेकाच्या नावानं "रणधीरचे वडील", "गिरणीवाले". उखाण्यात नाव यमकात गुंडाळलेलं असतं, त्यामुळं ते बाधत नाही, असा काकूंचा पक्का समज होता. मी त्यांना चिडवायची, "काकू, म्या श्रीनाथला दिवसातनं पन्नास बार नावानं बोलावते, आन् त्यो रोज जाडच होत चाललाय." त्या कानांवर हात ठेवायच्या. "तुझं तुला लखलाभ, बाई. म्या न्हाय त्या वाटंनं जानार."

काका हे उखाणे ऐकायचे का, याचं मला फार कुतूहल होतं. पुरुषांना हळदीकुंकवात कोण घेतंय? पण भिंतीला भिंत लागून असल्यावर काही झाकून राहत नाही. संध्याकाळी गिरणीचं शटर खाली आलं की काका हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि कुठंतरी लांब बघत विचारायचे, "आज कुणाकडं व्हतं?" म्हणजे, आज माझ्यावर काय घेतलंस? मग काकू हळू आवाजात तोच उखाणा पुन्हा म्हणायच्या, फक्त त्यांच्यासाठी. काका म्हणायचे, "हं." झालं. त्या एका "हं" वर काकू दुसऱ्या दिवशी गाणं गुणगुणत भांडी घासायच्या. मला तेव्हा राग यायचा. एवढं सुंदर बोलणाऱ्या बाईला दोन शब्द धड बोलायला काय होतंय या माणसाला, असं वाटायचं. आता नाही वाटत.

आमचा खंडोबा दरवर्षी अणदूर सोडून थोडे दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो. मागच्या वर्षी तो गेला, त्याच हप्त्यात काका गेले. गिरणी चालू होती. कुणाचं तरी ज्वारीचं पीठ डब्यात पडत होतं आणि काका स्टुलावर बसल्या जागी कलंडले. डबा भरून पीठ खाली सांडायला लागलं, तेव्हा कुठं गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी काकू मोठ्यानं रडल्या नाहीत. सगळ्या बायका आपापल्या माणसाला सांगतात तसं "मला सोडून कसं गेलाव" असं काहीतरी त्या म्हणत होत्या, पण हाक मारायला त्यांच्याकडं नावच नव्हतं. "अहो, अहो" एवढंच.

पुढची संक्रांत महिन्याभरातच आली. मी सरळ काकूंना बोलवायला निघाले. सासूबाईंनी हात धरला. "त्यांनाच अवघड वाटंल, सोनाली." मी हात सोडवून गेले. पण सासूबाईंचंच खरं ठरलं, हे मला अजून पचत नाही. काकू उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं. "तू आलीस, लई झालं. पर मला नको बोलावू. बायांचं हसनं बंद व्हतं मला बघून." मी भांडले. वाट्टेल ते बोलले. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि दार लोटलं. त्या दिवशी आमच्या घरी बायकांनी मोबाइलमध्ये बघून उखाणे घेतले आणि घाईघाईनं वाणं घेऊन गेल्या.

तेव्हापासून काकूंकडं पोरी यायच्या थांबल्या. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. पण नव्या नवरीच्या तोंडात विधवा बाईची ओळ कशी घालायची, हे सगळ्यांच्याच मनात होतं. आणि सगळ्यांत जास्त काकूंच्या.

घरात गमी झाली की वर्षाच्या आत लग्न उरकावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. त्यामुळं रणधीरचं लग्न घाईनं ठरलं. रणधीर काकूंचा एकुलता एक. गिरणी आता तोच बघत होता. मुलगी मुरुमची, अर्पिता. बोलायला मोकळी, चेहऱ्यावर हसू. साखरपुड्याच्या दिवशी ती काकूंच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आमच्या मावशीच्या लग्नात तुमचा उखाणा होता. अजून म्हणतात सगळे. उंबरठ्यावर मला तुमचाच पाहिजे."

काकूंचा चेहरा एक क्षण उजळला. मी तो बघितला, म्हणून सांगते. मग विझला. "माझ्या तोंडचं नको, बाळ. तुला नवा संसार मांडायचा हाय."

"तसलं काही नसतं, आई."

"नसंल. पर असलं तर?"

पण मी एवढ्यावर सोडणाऱ्यांतली नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी काकू डाळ निवडत बसल्या होत्या, तिथं मी गेले. म्हटलं, "काकू, तुम्ही फकस्त मला सांगा. म्या अर्पिताला म्हनते, माझा हाय. माझं कुकू शाबूत हाय ना? मग तर झालं?" काकू हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या. डाळीवर बोटं फिरवत राहिल्या. "रणधीर गिरणीत बसला की बापासारखंच बोट दाखवतो डब्याकडं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आली ओळ. मी श्वास रोखून बसले. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "न्हाय होत गं. जा तू."

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी वरात दारात आली. नवरीला ओवाळायला रणधीरची आत्या पुढं झाली. घर काकूंचं, पोरगा काकूंचा, आणि उंबरठ्यावर मात्र दुसरीच बाई. कुणी काकूंना मागं सारलं नव्हतं. त्या आपल्या आपणच मागं गेल्या होत्या, परसात, चुलीवरच्या चहाच्या पातेल्यापाशी. मी पुढच्या गर्दीतनं निघाले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला त्या गर्दीचा रागच आला होता.

पुढं गलका वाढला. "नाव घे, नाव घे." मग अर्पिताचा आवाज आला. पाठ केलेला, मोबाइलमधला. त्यात ताट चांदीचं होतं, वाटी सोन्याची होती, फुलं गुलाबाची होती. त्या दारात यातलं एकही नव्हतं. टाळ्या पडल्या.

"चांगला घेतला," काकू म्हणाल्या.

"काय चांगला? दुकानातला होता!" मी फणकारले. "तुमचा असता तर आज सगळं दार हसलं असतं."

काकूंनी चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला सुचत न्हाय असं नको समजू, सोनाली. सुचतं. आजून सुचतं. आगुदरसारखंच. झाडताना, भाकरी करताना, कशातनं बी येतं. काल सकाळीच आलं." आणि त्यांनी ओळ म्हटली:

दोन कप मांडते सकाळी, एक गार होऊन जातो,

मी वाट बघितली. चहा वर आला. त्यांनी फडक्यानं पातेलं उतरवलं, पण ओळ पुढं सरकली नाही.

"आन् फुडं?" मी विचारलं.

"फुडं नाव येतं."

पुढच्या दारात कुणीतरी बँडवाल्यांना ओरडत होतं. काकू चहा गाळायच्या थांबल्या होत्या. "दुसऱ्या ओळीत नाव घ्यायचं असतं ना. ऐकनारं मानूस असलं तर घ्यायचं. संध्याकाळी इचारनारं असलं तर. आता म्या कुनाला सांगू? ओळ येती आन् तिथंच बसून ऱ्हाती. कवाकवा चार-चार दिवस बसती."

मी त्यांच्याजवळ सरकले. म्हणाले, "घ्या की काकू. इथं कोन हाय? म्या एकटीच हाय. यमक नसलं तरी चालंल."

त्यांनी पदरानं हात पुसले. गिरणीच्या शेडाकडं बघितलं. आणि अगदी साध्या आवाजात, लेकराला जेवायला बोलवावं तसं म्हणाल्या,

"महारुद्र."

राव नाही, यमक नाही, काही नाही. दिवसातनं पन्नास वेळा श्रीनाथचं नाव घेणारी मी, पण माझा हात झटकन माझ्याच मंगळसूत्राकडं गेला. काकूंनी ते बघितलं. त्यांनी माझा हात धरून हळूच खाली घेतला.

"भिऊ नको," त्या म्हणाल्या. "आता माझ्या घेन्यानं त्येंचं काय कमी व्हनार हाय?"