कुरडईतला ग

अंगणात कडुनिंबाखाली माझा धाकटा भाऊ किशा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात ओणवा होऊन सकाळची भाकरी ओकतोय, आणि आई हातात लाटणं घेऊन नुसती बघत उभी आहे... नुकतीच तिनं पितळी परात बडवून आमच्या घरच्या शाळेची घंटा दिलेली. बालपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं.

खऱ्या शाळेची घंटा ऐकली की किशा असाच ओकायचा. कुणी मारलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. त्याला नुसतं धस्स व्हायचं. म्हणून तर आईनं त्याला पहिलीतून काढलं आणि सोबतीला मलाही घरी बसवलं. ती डीएड झालेली, नोकरी न लागलेली. शिकवण्याची हौस अशी दांडगी, की कर्जतच्या बाजारातून फळा आणला, भिंतीवर वेळापत्रक डकवलं, गणवेश, प्रार्थना, रांग – दोन पोरांची रांग, हसू नका! – आणि वर ती घंटा. ज्याला भिऊन पोरगं घरी आणलं, तेच तिनं हौसेनं घरात आणून बसवलं होतं.

अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, थोरले भाऊ नाना ओसरीवर येऊन बसत. आई त्यांच्यापुढे कधी बोलायची नाही. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहायची. म्हणून नाना सगळं अण्णांना ऐकवत, "तुज्या बायकूला सांग, पोराचं वाटुळं चाललंय. अक्षर न्हाई, पाढा न्हाई. जूनमदी त्याला नगरला हॉस्टेलात टाकू." अण्णा मान खाली घालून म्हणत, "उन्हाळाभर बघू." हॉस्टेलात तर उठता-बसता घंटा! किशा तिथं टिकणार नाही, हे मला त्या वयातही कळत होतं आणि जून जवळ येत होता.

मग चैत्र आला, कुरडयांचे दिवस आले... भिजलेल्या गव्हाचा तो आंबूस वास, चुलीवर रटरटणाऱ्या चिकाची वाफ, हिंगाचा दरवळ, बाजेवर अंथरलेलं धुवट लुगडं. आईच्या कुरडया सगळ्या एकसारख्या, गोल. लग्नाच्या रुखवतात मांडायला बायका तिच्याकडून करून नेत. चीक शिजला की थांबत नाही, त्यामुळे त्या सकाळी घंटा नाही, प्रार्थना नाही. किशानं हट्टानं सोऱ्या हातात घेतला आणि कोपऱ्यात काहीतरी वेडंवाकडं पाडलं. आई तडकलीच, "अरे मेल्या, नासाडी केलीस!" म्हणत ती ते मोडायला वाकली.

"मोडू नको," तो ओरडला. "ग हाय त्यो!"

खरंच ग होता – काना तिरपा, पोट सुटलेलं, पण ग. फळ्यावर महिनोन्‌महिने न उमटलेला. चिकट हातांनी, उन्हात तापलेल्या लाल चेहऱ्यानं किशा खदखदून हसत होता. आईचा हात तसाच राहिला. मग म्हणाली, "आता तुज्या नावाचा क काढ. वाकडा आला तरी चालंल." संध्याकाळी वेळापत्रक चुलीत गेलं, गणवेशाची फडकी झाली. त्यानंतर आमची शाळा कधी शेळीमागं भरली, कधी हौदावर, कधी दिवसभर भरलीच नाही, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मेअखेरीस नाना निकाल लावायलाच जेवायला आले. ताटात आमरस आणि तळलेल्या कुरडया.

"ह्या असल्या वाकड्यातिकड्या?" ते म्हणाले. "आन पाढा? म्हण रे किशा, सातचा!"

सात त्रिक एकवीसला किशा अडकला. पांढराफटक पडला.

तेवढ्यात आई दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावरच होता, नजर मात्र सरळ. "न्हाई येत त्याला, नाना. येईल तवा येईल. पर माजं पोरगं हॉस्टेलात जायचं न्हाई. तुमी जेवा, रस गरम हुतोय."

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "ती म्हणती तसंच हुईल." नानांनी कुरडई मोडून तोंडात टाकली.

"नाना," किशा हळूच म्हणाला, "तुमी ग खाल्ला."

आज माझी लेक घरीच शिकते. "अगं बाई, मागं पडेल ना ती!" असं शेजारणी कळवळून म्हणतात. पडू दे! कुणाच्या मागं, ते तरी सांगा. "भाऊ तुझा काय झाला शेवटी?" असंही विचारतात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो तो, कर्जतला दुकान आहे. पोटभर जेवतो, शांत झोपतो. वाचतो मात्र अजून हळू, बोट ठेवून, मोठ्यानं.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज सकाळी तो तिला पेपर वाचून दाखवायचा. शब्द अडला की ती डोळे मिटूनच म्हणायची, "असू दे, सावकाश." ती गेली त्या सकाळीही तो वाचतच होता. एका जोडाक्षराशी थांबला, आणि बराच वेळ थांबून राहिला... अंथरुणातून "असू दे, सावकाश" आलंच नाही.