गाळलेली ओळ

दस्तगीर गेल्याचा निरोप घेऊन त्याचा भाऊ आमच्या लॅबमध्ये आला, तेव्हा मला धक्का बसला नाही. सहा महिन्यांपूर्वी त्याचा रिपोर्ट सगळ्यात आधी वाचणारा मीच होतो... धक्का तेव्हाच बसून झाला होता.

कॉलेजात आम्ही दोघांनी प्राणिशास्त्राला जोडविषय म्हणून नीतिशास्त्र घेतलं. अख्ख्या वर्गात चार टाळकी. "डॉक्टर व्हायचंय का कीर्तनकार?" म्हणून पोरं आमची खेचायची. सर पुस्तक मिटून दवाखान्यातलेच प्रश्न घालायचे. एकदा विचारलं, रुग्णाला त्याचा आजार सांगावा का? मी म्हणालो, घरच्यांना सांगावा, पेशंटला कशाला घोर? दस्तगीर ताडकन उठला. कळंब्याच्या दवाखान्यात त्याच्या आईची गर्भाची पिशवी काढली होती. कागदावर अंगठा घेतला, पण काय काढणार ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "आपल्याला पुन्हा पोर होईल म्हणून ती वर्षभर वाट बघत होती, सर," तो म्हणाला.

पुढं तो हायस्कुलात मास्तर झाला, मी रक्त-लघवी तपासत राहिलो. पण दर गुरुवारी शाळा सुटली की तो एका दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचा आणि लोकांना अंगठा द्यायच्या आधी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा. डॉक्टर वैतागायचे. हा गडी ऐकतोय होय!

मग त्याचाच कागद माझ्या हातात आला. त्याची बायको रडत म्हणाली, "भाऊजी, ह्यांना काय सांगू नका." मी हो म्हणून बसलो. त्यानं मात्र खाटेवरून फर्मान सोडलं, "मर्दा, मोठ्यानं वाच." मी वाचलं... कॅन्सर पसरल्याची शेवटची ओळ सोडून. "एक वळ गाळलीस की रं," एवढंच तो म्हणाला. मी चहा मागितला, विषय बदलला. नंतर रोज जात होतो, पण ती ओळ तोंडातून निघाली नाही. भित्रा मी, दुसरं काय! त्याची लाज अजून जात नाही.

गेल्या गुरुवारी त्या दवाखान्यात काम निघालं. बाकापाशी एका म्हातारीनं कागद पुढं केला. "पावणं, वाचून दावणारं मास्तर आलं न्हाईत व्हय?"

"न्हाईत, मावशी. आता येणार न्हाईत," म्हणालो आणि त्याच्या जागेवर बसलो. शेवटच्या ओळीत होतं, नवऱ्याचा पाय गुडघ्यापासून काढणार. तीही वाचली. म्हातारी पदर सावरून उठली.

"चला, आता ह्यांच्या म्होरं वाचा. पाय त्यांचा हाय."

मी कागद घेऊन तिच्या मागून वॉर्डात गेलो.