आधी म्हशी उतरवा

कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत उभी होते, तेव्हा माझ्या आतेभावाचा, संतूदादाचा फोन आला. "आता घाई करू नगंस," तो म्हणाला. "आई गेली..." मागच्या गॅरेजात कुणीतरी टायर ठोकत होतं. तो आवाज तसाच चालू राहिला, याचाही मला राग आला. माझी ताराआत्या, हिर्डोशीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावची सरपंच, न्यूमोनियाने गेली असं कागदावर लिहिलं आहे. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. म्हणून काही आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे.

आमच्या गावाच्या वर, कड्याखाली, धनगरवाडा आहे. दर पावसाळ्याच्या तोंडाला तालुक्याच्या कचेरीतून पत्र येतं, की दरडीचा धोका असलेली वस्ती सुरक्षित जागी हलवा आणि ग्रामपंचायतीने आपल्या स्तरावर व्यवस्था करा. आपल्या स्तरावर! म्हणजे तांदूळ तुमचा, सरपण तुमचं, ताडपत्री तुमची, आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदारीही तुमचीच. हुकूम तेवढा त्यांचा. वेल्ह्याकडच्या डोंगरातही हीच तऱ्हा आहे.

आत्या सरपंच झाली त्या पावसाळ्यात तिने वाड्यावरची सगळी माणसं शाळेत आणली, चहा केला, सतरंज्या घातल्या. संध्याकाळी बघते तर शाळा रिकामी. सगळे धारा काढायला परत कड्याखाली गेलेले. आत्या भिजत वर गेली आणि दारात उभी राहून ओरडली. वाड्यावरची म्हातारी ठकूबाई म्हशीच्या कासेखालून म्हणाली, "सरपंचीण, तुज्या कागदात म्हशीचं नाव हाय का? न्हाई ना? मग हिला कोण पिळनार, तुजा सायेब?" आत्या तिथंच चिखलात बसून हसली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा गोठा मोकळा केला. तेव्हापासून तिचा नियम ठरला, "आदी म्हशी उतरवा. मान्सं मागनं येत्यात."

धोक्याच्या इशाऱ्यासाठी भोंगा ठेवावा, असाही हुकूम होता. भोंगा कधी आला नाही. आत्याने घरातली पितळी परात घेतली आणि पळीने बडवायला सुरुवात केली. पुढे पुढे म्हशींनाही ती परात कळायला लागली. आवाज झाला की त्या आपणहून उताराच्या वाटेला लागायच्या.

माझे वडील मोर्च्यांची पत्रकं घरी आणायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. साहजिकच, आत्याशी मी भांडायचे. म्हणायचे, एकदा ते पत्र परत पाठव, पैसे नाहीत म्हणून ठणकावून लिही. ती तांदूळ पाखडत म्हणायची, "धाडते की. पर दरड काय माजं पत्र वाचून थांबती व्हय?" पण हेच तर त्यांना पक्कं ठाऊक असतं! आत्या नाही म्हणणार नाही, हे धरूनच तो कागद निघतो. निधीच्या रकान्यात काही लिहिलेलं नसतं, कारण तिथे आत्या असते.

यंदा तर कहर झाला. उन्हाळ्यात दुसरं पत्र आलं होतं, की शाळेची इमारत धोकादायक आहे, वापरू नये, दुरुस्ती लोकसहभागातून करावी. मग जूनमध्ये नेहमीचं पत्र आलं, की वस्ती शाळेत हलवा. आत्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला फोनवर म्हणाली, "आता ह्या दोगांचं लगीन लावू, का घटस्फोट?" आणि तिने आपलं घर उघडलं. माजघरात लेकुरवाळ्या, ओटीवर म्हातारी माणसं, गोठ्यात म्हशी. ती स्वतः पडवीत शेळ्यांपाशी निजली. पाऊस आडवा येत होता, अंगावरचं घोंगडं वाळायला उसंत नव्हती. खोकला लागला तेव्हा दादा म्हणाला, खाली दवाखान्यात चल. "पाऊस वसरू दे, वाडा वर जाऊ दे, मग जाते." वाडा वर गेला. तोवर ताप छातीत उतरला होता.

शोकसभेत एक साहेब तिला लोकसहभागाचा आदर्श म्हणाले. मला उठून ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. सहभाग म्हणतात तो दोघांचा असतो, साहेब. तुमचा भाग कुठे आहे?

तेरावा झाला आणि तिच्याच नावाने पत्र आलं. पुन्हा जोराचा पाऊस आहे, वस्ती पुन्हा हलवा, केलेल्या कार्यवाहीचा अहवाल फोटोंसह पाठवा. दादाने ते वाचलं आणि विचित्र हसला. वाड्यावरची माणसं ओट्यावर जमली होती. आता परात कोण वाजवणार, म्हणून सगळे खुंटीवरच्या परातीकडेच बघत होते. मी ती खुंटीवरून काढली आणि म्हणाले, चला, ही कचेरीत नेऊ आणि साहेबाच्या टेबलावर बडवू. ठकूबाईने माझ्या हातातून परात घेतली.

"ही हितंच ऱ्हाऊ दे, पोरी. पाऊस हाय अजून. सायबाम्होरं वाजवाय आमच्या घरातल्या हायती की."

मग तिने पळी दादाच्या हातात दिली. "पर आदी म्हशी उतरू दे."

दादाने परात वाजवली. आत्यासारखी नाही, जरा घाबरत. तरी थोड्या वेळाने धुक्यातून म्हशी उतरताना दिसल्या.

आत्याची परात परत खुंटीवर आहे, पळीच्या ठोक्यांनी मधोमध खोल गेलेली. तिच्याखाली, पडवीत ती निजायची त्या जागी, वाड्यावरच्या घराघरातल्या पराती रचून ठेवल्या आहेत. पाऊस उघडला, की पहिल्या एसटीने त्या घेऊन आम्ही खाली येतो आहोत.