बरोबरीची शिवी

नाशकातल्या द्वारकेच्या उड्डाणपुलाशेजारी झुंबर आहेरचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि त्या अख्ख्या रांगेत त्याच्याकडचा वेल्डर वाल्मीक पगार याच्याइतकं घाण तोंड दुसऱ्या कोणाचं नव्हतं. ही निंदा नव्हे. ज्यानं वाल्मीकच्या शिव्या ऐकल्या नाहीत त्यानं नाक मुरडू नये. झुंबर सकाळी शटर वर करतानाच म्हणायचा, "काय रे आयघाल्या, उजाडलं का तुझं?" आणि वाल्मीक त्याच्या दीडपट मोठी शिवी परत करायचा. मग चहा यायचा, मग काम सुरू व्हायचं. शिवी म्हणजे तिथं टाळी होती. एकानं हात पुढं केला की दुसऱ्यानं द्यायची. प्रत्येक शिवीत आई होती, पण कळवणजवळच्या गावात म्हैस बांधणारी वाल्मीकची आई, लंकाबाई, त्या शिव्यांत कधीच नव्हती.

ती एकदाच आली. ट्रॉलीचा हूक जोडून घ्यायला एक ट्रकवाला आला होता. काम मनासारखं झालं नाही म्हणून त्यानं वाल्मीकला आईवरून शिवी दिली. शब्द तोच, रोजचा. सूर वेगळा होता. वाल्मीकनं हातातला पाईपपाना उलटा धरला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या टायरवाल्यानंही ऐकला. माणूस खाली पडल्यावरही वाल्मीक मारत राहिला, चौघांनी ओढला तेव्हा थांबला. पोलिसात केस झाली, ती भरपाई देऊन मिटवावी लागली. झुंबरनं हात जोडले. "तू माझा भाऊ हायस, पण दुकान चालवायचंय मला." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाशकातल्या एका एजंटाला त्याच दिवसांत वेल्डर हवे होते, रशियात. वाल्मीकनं बायको निकिता आणि लेक सायली यांच्या सोबतीला गावाकडून लंकाबाईला आणून ठेवलं, टाकळीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घराला डोळे भरून पाहिलं आणि गेला.

उरल डोंगरांच्या पलीकडं, जिथं थुंकीही जमिनीवर पडेपर्यंत घट्ट होते अशा जागी, एक अवाढव्य गोदाम उभं राहत होतं. कामाला तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. त्यांतली निम्मी तुरुंगातून सुटलेली. आपल्याकडचे दोघंच: वाल्मीक आणि सुरगाण्याकडचा सोमा भोये. सोमा सळई बांधायचा. वाल्मीकच्याच वयाचा, घरी दोन पोरं. पण स्वभावानं दोघं दोन टोकांचे. सोमाच्या तोंडून शिवी कोणी ऐकली नव्हती. फारच राग आला तर म्हणायचा, "काय माणूस हायस तू," आणि तेवढं बोलूनही ओशाळायचा.

रशियन शिकायला वाल्मीकनं मोबाईल वापरून पाहिला. मुकादम ओरडायचा, मोबाईल भाषांतर करायचा, आणि पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटायच्या. एखादाच शब्द मध्ये: फावडं, लवकर, गाढव. बाकी सगळं चांदणं. या चांदण्यांचा अर्थ त्याला इल्यानं सांगितला. इल्या पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचा. दारूपायी नोकरी गेली आणि आता क्रेन चालवत होता. मोडक्या इंग्रजीत दोघांचं जमायचं.

"शिवी आली की मोबाईल चांदण्या टाकतो. या शिव्यांना मात म्हणतात," इल्या म्हणाला. "आमच्यात आईला म्हणतात तो शब्दही तसाच, शेवटचा त जरा मऊ. आमचे लोक सांगतात, या शिव्या तातार घोडेस्वारांनी आणल्या. घाण नेहमी शेजाऱ्यानंच आणलेली असते ना. खोटं आहे ते. तातार यायच्या आधी लोक झाडाच्या सालीवर चिठ्ठ्या लिहायचे, त्यांत हे शब्द सापडलेत. आमचेच आहेत, बापजाद्यांचे. पाद्री सांगायचे, आईवरून शिवी दिली की तीन आयांना लागते. जन्म दिला ती, देवाची आई आणि ही पायाखालची माती."

"आणि तरी देतात?"

"चर्चनं शाप दिले, राजांनी चाबकाचे फटके मारले. गेली का? हातोडा बोटावर पडला तर माणूस काय म्हणेल? वरचा खालच्याला देतो तेव्हा तो चाबूक असतो. मित्र मित्राला देतो तेव्हा मीठ असतं. म्हातारीसमोर मात्र देऊ नकोस."

वाल्मीकला आनंद झाला. "म्हणजे आमचं च्यायलाच की हे."

महिन्याभरात तो मातमध्ये काम मागायला, काम नाकारायला आणि तंबाखू उसनी घ्यायला शिकला. रशियन गडी त्याच्या पाठीवर थापा मारायला लागले. जित्याची खोड ती, बर्फात गेल्यानं थोडीच जाणार. पण इल्यानं त्याला एका शब्दापाशी थांबवलं. आई काढ, बाप काढ, म्हणाला, पण तुरुंगात राहून आलेल्याला कोंबडा म्हणू नकोस. पेतूख. तिथल्या कैद्यांत कोंबडा म्हणजे ज्याची बाकीच्यांनी जबरदस्तीनं अब्रू घेतली तो. त्याच्या हातचं कोणी घेत नाही. त्याच्या मगाला भोक पाडतात, चुकूनही दुसरा त्यातून पिऊ नये म्हणून. त्याला मारायचं झालं तरी हातानं नाही, बुटानं. आणि हे नाव एकदा बसलं की मेल्यावरही निघत नाही.

"हा शब्द हवेत राहत नाही," इल्या म्हणाला. "बोलला की कोणाच्या तरी अंगावर पडतोच. ज्याला म्हटलं त्यानं बोलणाऱ्याला संपवायचं. नाही संपवलं तर तो झाला कोंबडा."

म्हणजे तिथं आई स्वस्त होती आणि कोंबडा महाग.

वाल्मीकनं बराकीत येऊन सोमाला एवढंच बजावलं, की या लोकांना शिव्या देऊ नको. सोमा म्हणाला, "मी कुठं देतो भाऊ?" ते खरंच होतं, विषय तिथंच संपला.

सोमाला तो शब्द शिवी म्हणून ठाऊकच नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो जवळच्या वस्तीतल्या एका म्हातारीला लाकडं फोडून द्यायचा. तिनं त्याला बोट दाखवून दाखवून शिकवलं होतं: हे पाणी, ही कुऱ्हाड, आणि अंगणातला तो तुरेवाला, पेतूख.

थंडी अशी होती की कान तुटून पडतील असं वाटे. गेना नावाचा एक दांडगा माणूस, निम्मं आयुष्य आत काढलेला, बोटांवर निळं गोंदलेला, काँक्रीटच्या मशीनशेजारी उकिडवा बसला होता. तसं बसायची तुरुंगातून आलेल्यांची सवयच. कान बधिर झाले म्हणून त्यानं दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले होते. सळईचा भारा घेऊन सोमा आला आणि त्याला आपली आश्रमशाळा दिसली. उकिडवं बसून कान धरायचे, गुरुजींची ती शिक्षा. आपल्यात कोण झालं नाही कोंबडा? परक्या मुलखात एवढी ओळखीची गोष्ट दिसली, माणूस हरखला. सोमा खदखदून हसला, गेनाकडं बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "पेतूख!"

गेना सावकाश उठला. त्यानं शिवी दिली नाही. त्यानं फावडं उचललं आणि सोमाच्या तोंडावर मारलं. दात बर्फावर पडले. सोमा अजून अर्धवट हसतच होता, काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. दुसरा घाव हातावर बसला, हात कोपराखाली वाकडा झाला. बाकीचे गोल उभे राहिले. कोणी पुढं येईना, कारण हे भांडण नव्हतं, हा त्यांचा कायदा चालला होता.

वाल्मीक मचाणावरून उडी मारून आला. त्यानं गेनाला मागून धरलं, कान चावला, मान आवळली. गेनानं त्याला झटकून मशीनवर आपटलं. वाल्मीकच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या दिल्या, मराठी, हिंदी, रशियन, आईवरच्या, बहिणीवरच्या. गेनानं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. आईची शिवी त्याला माशीइतकीसुद्धा लागली नाही. त्यानं सोमाच्या छातीवर बूट ठेवला आणि फावड्याची कड गळ्यावर धरली.

तेव्हा वाल्मीकला इल्याचं बोलणं आठवलं. हा शब्द कोणाच्या तरी अंगावर पडल्याशिवाय राहत नाही. तो गुडघ्यांवर रांगत पुढं आला आणि आपल्याच छातीवर हात मारत मोडक्या रशियनमध्ये ओरडला, "मला म्हणाला तो. मी तुझ्या मागं होतो, मला म्हणाला. या पेतूख." त्यांच्यात 'या' म्हणजे मी. मी कोंबडा.

फावडं थांबलं. खोटं आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण स्वतःच्या तोंडानं तो शब्द कोणी घेतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि एकदा घेतला की हिशेब मिटतो. गेना थुंकला. वाल्मीकचा मग मागवला, खिळा ठेवून हातोडीनं त्याला भोक पाडलं आणि पायानं त्याच्याकडं ढकलला. मग सगळ्यांनी मिळून त्याला लाथांनी तुडवलं. एकानंही हात लावला नाही.

सोमा दवाखान्यातून वाकडा जबडा घेऊन परत आला तेव्हा वाल्मीकचं अंथरूण संडासाच्या दाराशी होतं. "इकडं येऊ नको," वाल्मीक लांबूनच म्हणाला. "माझ्या ताटाला हात लावलास तर तूही झालास. मग मी कशाला मार खाल्ला? आलास तर तंगडं तोडीन." सोमा आला नाही. कंत्राट संपेपर्यंत तो पाठ करून जेवला, आणि रोज रडला.

लाथा खाऊन अंग निबर होतं. वाल्मीकला मारलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्याला आता कोणी शिवी देईना. मुकादम काम सांगायचा तेही बोटानं. शिवी बरोबरीच्याला देतात, नाहीतर निदान माणसाला देतात. ज्याचं अर्धं आयुष्य शिव्यांवर गेलं, तो माणूस एका आईच्या शिवीसाठी तरसला.

नाशकात परत आला तो हा मुका माणूस. झुंबर घरी येऊन म्हणाला, "आयघाल्या, आलास व्हय? चल दुकानात." वाल्मीकनं खाली मान घातली. दोन-तीनदा झुंबरनं शिवी देऊन पाहिली, परत आली नाही, तेव्हा तोही 'वाल्मीकराव' म्हणायला लागला. दुकानात वाल्मीक चहाचा पेला घरून न्यायचा आणि वेगळा ठेवायचा. घरात ताट घेऊन उंबऱ्यापाशी बसायचा. निकितानं विचारलं, भांडली, रडली. तो काही सांगेना. एकदा सायली त्याच्या पेल्यातून पाणी प्यायली. त्यानं पोरीच्या तोंडातून पेला हिसकून भिंतीवर फेकला, तिचा ओठ फाटला. मग स्वतःचं डोकं भिंतीवर आपटत राहिला. निकितानं कपडे भरायला काढले. "पोरीला घेऊन माहेरी जाते मी. हा माणूस आपला राहिला नाय, आत्याबाई."

लंकाबाईनं सुनेला दोन दिवस थांबवलं आणि सुरगाण्याला फोन लावला. "तूच होतास ना बाबा त्याच्यासंगं? ये आणि सांग काय झालं माझ्या लेकाला."

सोमा एसटीनं आला. वाल्मीक दुकानात होता. सोमानं स्वयंपाकघरात बसून लंकाबाईला आणि निकिताला सगळं सांगितलं, तो शब्दही सांगितला. लंकाबाईनं ऐकलं, डोळे पुसले आणि पीठ मळायला घेतलं.

वाल्मीक जेवायला घरी आला. सोमाला पाहून तो दारातच थबकला, मग आपलं ताट उचलून उंबऱ्यापाशी जाऊन बसला. सोमासाठी पाट मांडला होता. त्यावर तो बसलाच नाही. तो वाल्मीकच्या समोर येऊन बसला आणि त्याच्या ताटातली भाकरी मोडली.

"हात काढ," वाल्मीक म्हणाला.

सोमानं घास रश्श्यात बुडवला.

वाल्मीकनं ताट उचलून त्याच्या त्याच वाकड्या जबड्यावर हाणलं. भाजी भिंतीवर उडाली. निकितानं सायलीला पोटाशी ओढलं. सोमाच्या तोंडातून रक्ताची धार लागली. त्यानं जमिनीवरचा भाकरीचा तुकडा उचलला आणि चावायला लागला. वाल्मीकनं मूठ मारली, परत मारली. "तू पण होशील, सोम्या. कळत नाय का तुला? तू पण होशील रे."

"होऊ दे," सोमा म्हणाला.

मग तो चुलीकडं वळला. "माय, माफ कर मला," असं लंकाबाईला म्हणाला आणि वाल्मीककडं तोंड करून, जन्मात पहिल्यांदा, अडखळत, चुकीच्या जागी जोर देत म्हणाला, "तुझ्या आयला, भाड्या, गप जेव की."

वाल्मीकची मूठ वरच राहिली. मग आतून कुठून तरी, रडण्यातून, ते आलं. "तुझ्याच मायला," तो म्हणाला. "तुझ्याच मायला, सोम्या, शिवी तरी नीट दे." आणि त्यानं सोमाच्या रक्ताळलेल्या हातातला उरलेला तुकडा घेतला आणि खाल्ला.

जिच्या नावानं हे सगळं चाललं होतं ती लंकाबाई तव्यावरची भाकरी घेऊन उठली. वाकडं झालेलं ताट तिनं सरळ केलं, दोघांच्या मध्ये ठेवलं, त्यात भाकरी टाकली आणि नातीला म्हणाली, "जा, बापाजवळ बस."